खो-खोच्या शिबिरात चौथ्या दिवशीच रडू आलं तर

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक सात वर्षांची आहे, सुट्टीतल्या खो-खो शिबिराला घातलं, तीन दिवस उड्या मारत गेली. चौथ्या दिवशी पहिल्यांदा खरा डाव लावला, ती आत शिरल्या शिरल्या बाद झाली, आणि तेव्हापासून सकाळी बूट घालायची वेळ आली की रडते. शिबिरात शिकवणारे 'दादा ओरडतात' असंही म्हणते. आता नेटाने पाठवायचं की नाव काढायचं, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या दोघी मुली पुण्यात एका मंडळाच्या मैदानावर खेळून मोठ्या झाल्या आणि त्याच मैदानावर मी गेली बारा वर्षं छोट्यांच्या गटाला मदत करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

नाव काढू नका. पण ओढत नेऊही नका. त्याआधी चौथ्या दिवशी तिच्या मनात काय झालं असेल ते बघू.

या वयाच्या मुलांना पकडापकडी ठाऊक असते. तिथे पकडलं की राज्य येतं, म्हणजे हरलो. खो-खोत तसं नाही. पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात, तिघं बाद झाले की पुढचे तिघं, आणि नऊही बाद झाले तर पहिली तुकडी पुन्हा आत. बाद होणं हे ठरलेलंच असतं. मोठ्यांच्या नऊ मिनिटांच्या डावात एखादी दोन-अडीच मिनिटं पळाली की दुसऱ्या दिवशी पेपरात तिचं नाव येतं, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा शेवटी बादच झालेली असते! म्हणजे मोजायचं असतं ते किती वेळ टिकली हे. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सात वर्षांच्या पोरीला ते कुणी सांगतच नाही. तिला एवढंच कळतं की शिट्टी वाजली, सगळ्यांनी बघितलं आणि मला बाहेर काढलं.

माझ्या धाकटीचं असंच झालं होतं. साडेसहा वर्षांची होती. शिबिराच्या शेवटी शेजारच्या मंडळाबरोबर छोट्यांचा सामना ठेवला होता. ती मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, बसली होती, मागून खो मिळाला आणि ती उठलीच नाही. नुसती बसून राहिली. तेवढ्यात पळणारी मुलगी लांब निघून गेली. घरी येताना स्कूटरवर मी तिला विचारलं, "अगं, खो दिल्यावर उठायचं नाही का?" आवाज चढवला नव्हता, अगदी साधं विचारलं होतं. पण ती पुढे महिनाभर मैदानाकडे फिरकली नाही. त्या प्रश्नाचं मला अजून वाईट वाटतं, कारण उत्तर तिच्याजवळ नव्हतंच.

ते उत्तर मला पुढे मैदानावर बसून बसून सापडलं. बसलेल्या मुलाला एका क्षणात काय काय सांभाळावं लागतं बघा. आठ जण मधल्या पाटीवर, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. खो मिळाल्याशिवाय हलायचं नाही. मिळाला की तोंड असेल त्याच बाजूने उठायचं, मधली पाटी ओलांडायची नाही, एकदा दिशा धरली की उलट फिरायचं नाही, पलीकडच्या अंगाला जायचं तर खांबाला वळसा घालायचा. ज्या वयात डावा-उजवा हात अजून आठवून सांगावा लागतो, त्या वयात हे सगळं 'खो' ऐकताक्षणी! मूल गोठतं. ते घाबरट नसतं, त्याचा हिशोब चाललेला असतो. त्यात हल्ली मुलं टीव्हीवर अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग बघून येतात. तिथे 'वझीर' म्हणून ठरवलेला पाठलाग करणारा खेळाडू हव्या त्या दिशेला पळू शकतो. मैदानावर तसं केलं की फाऊल होतो, आणि पोर गोंधळून जातं. तुमच्या मुलीने ते सामने बघितले असतील तर हा फरक तिला आधीच सांगून टाका.

मग आम्ही काय केलं? महिन्याभराने मंडळातल्या दादांनी स्वतःहून निरोप पाठवला की तिला खेळायला नको, नुसती बसायला आण. आठवडाभर ती कडेला बसून मोठ्या मुलींचे सेकंद मोजायची. स्टॉपवॉच तिच्या हातात. राज्यपातळीवर खेळलेली ताईसुद्धा बाद होते आणि धापा टाकत बाहेर येऊन आधी 'किती झाले?' म्हणून विचारते, हे तिने रोज बघितलं. आठव्या दिवशी तिनेच विचारलं, 'माझे मोजशील?' अकरा सेकंद भरले. मग चौदा. मग पुन्हा नऊ, आणि त्या नऊचं तिला काही वाटलं नाही.

हे घरी करून बघा. 'आज बाद झालीस का?' हा प्रश्नच काढून टाका. 'जिंकलात का?' हाही नको. परतीच्या वाटेवर खेळाबद्दल आपण तोंड उघडायचं नाही, ती बोलली तर ऐकायचं. मला हे पाळायला फार जड गेलं, तरी सांगते, पाळा.

दादांच्या ओरडण्याबद्दल. खो-खोच्या मैदानावर आवाज असतोच. 'खो' मोठ्याने द्यावा लागतो, मैदानापलीकडून 'खांब, खांब!' असं ओरडून सांगावं लागतं. घरात हळू बोलायची सवय असलेल्या मुलाला ते रागावणं वाटतं. म्हणून एक दिवस लांब उभं राहून स्वतः ऐका. दादा दिशा सांगत असतील तर काळजी नको, मुलीला फक्त समजावून द्या. पण चुकलेल्या मुलाला सगळ्यांदेखत नावं ठेवत असतील, शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावत असतील, किंवा सात वर्षांच्या मुलांना आत्ताच सूर मारायला लावत असतील, तर त्याच दिवशी नाव काढा. पैसे गेले तरी चालतील. आणि एक गोष्ट नीट बघा: सगळ्यांना डाव मिळतो का, की चपळ चार-पाच जणांवरच शिबिर चाललंय?

उकिडवं बसण्याकडेही लक्ष द्या. सोफा, खुर्ची आणि कमोडवर वाढलेल्या बऱ्याच मुलांना उकिडवं धड बसता येत नाही, टाचा उचलल्या जातात, तोल जातो, पाय भरून येतात. मग खो मिळाल्यावर उठायला उशीर होतो आणि मूल समजतं की मीच मठ्ठ. भाजी निवडताना, रांगोळी काढताना तिला शेजारी उकिडवं बसवा, दोन-दोन मिनिटं. आठवडाभरात फरक पडतो. बाकीचं तुम्हाला माहीत असेलच: नखं कापलेली, बांगड्या काढलेल्या, केस घट्ट बांधलेले, गुडघे झाकणारी पँट. जायच्या आधी पोटभर पोहे नकोत, एक केळं पुरे.

'बाकीच्या मुली किती पुढे गेल्यात' असंही तुम्ही लिहिलंय. ताई, आपल्याकडे किशोरी गट असतो तोच मुळात १४ वर्षांखालचा. तुमची लेक सात वर्षांची आहे. आजच्या चपळ मुलींपैकी कितीतरी तोवर खेळत नसतील, आणि आज रडणारी एखादी खेळत असेल. माझी थोरली किशोरी गटात जिल्ह्यापर्यंत खेळली. धाकटीने आठवीत खो-खो सोडला आणि चित्रकलेकडे वळली, ते तिचं तिने ठरवलं.

तर आता असं करा. आज दादांना फोन करून सांगा की उद्या ती खेळणार नाही, फक्त बसेल. बहुतेक दादा हो म्हणतात. तिला सांगा, डाव नाही, सेकंद मोजायचे. शिबिर संपेपर्यंत असं रोज मैदानावर जायचं, मधेच खेळावंसं वाटलं तर खेळायचं. जूनमध्ये पुन्हा जायचं की नाही ते तिच्यावर सोपवायचं, आणि ती नाही म्हणाली तर ते मनापासून मान्य करायचं. घड्याळ मात्र तिच्याच हातात द्या, तुमच्या नको. परवा काय झालं ते इथे नक्की कळवा, मी वाट बघते.