समुद्रकिनारी दंश झाला तर आधी काय करावं?

प्रश्न : डॉक्टरताई, श्रावणात आम्ही चोपड्याहून अलिबागला गेलो होतो. वाळूत निळा फुगा पडलेला दिसला, भाचीनं तो उचलला आणि हातावर लाल वळ उठले. कुणी वाळू चोळली, कुणी बाटलीतलं पाणी ओतलं, एकानं तर लघवी लावायला सांगितलं. पोरगी रडून बेजार झाली. आता पुन्हा कोकणात जायचं ठरतंय. असं झालं तर नेमकं काय करायचं?

उत्तर : ताई, ती ब्लू बॉटल असणार, म्हणजे जेलीफिशसारखा, लांब विषारी धागे असलेला समुद्री जीव. पावसाळी वाऱ्यानं ती आपल्या किनाऱ्याला लागते. मेलेली दिसली तरी तिच्या धाग्यांतल्या विषाच्या बारीक पिशव्या शाबूत असतात. चोळलं किंवा गोडं पाणी, लघवी लावली, की उरलेल्या पिशव्याही फुटतात. म्हणून आधी समुद्राच्याच पाण्यानं धुवा. चिकटलेले धागे चिमट्यानं, नाहीतर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून अलगद उचला. व्हिनेगर काही जेलीफिशवर चालतं, ब्लू बॉटलवर लावू नका.

धागे निघाले की गरम पाणी. विंचू चावला की बर्फ लावायची आपल्या खान्देशात सवय, त्यामुळे हे कुणाला सुचतच नाही. साधारण ४५ अंशांच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात २० मिनिटं बुडवून ठेवा. उष्णतेनं विष निकामी होतं, ठणका उतरतो. पाणी आधी मोठ्या माणसानं स्वतःच्या हातावर पाहावं, कारण वेदनेत मुलाला चटका कळत नाही. गरम पाणी मिळालंच नाही, तर पिशवीत गुंडाळलेला बर्फ लावा. घट्ट पट्टी बांधू नका.

उथळ पाण्यात पाकट या चपट्या माशावर पाय पडला तर त्याच्या शेपटीचा विषारी काटा घुसतो. तिथंही गरम पाणीच, पण ३० ते ९० मिनिटं. नंतर दवाखाना गाठाच. काट्याचा तुकडा आत राहतो, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपटू नका. पाण्यात पाय घासत चाललं की पाकट आधीच निसटतं. मुलांना हे जरूर शिकवा.

धाप लागली, छातीत दुखलं, उलट्या झाल्या, चेहरा सुजला किंवा भोवळ आली, तर गरम पाण्यात वेळ न घालवता लगेच १०८ ला फोन लावा.

सामानात चिमटा आणि थर्मास घ्या. थर्मास रिकामा असला तर चहाच्या टपरीवर गरम पाणी मागा, कोणी नाही म्हणत नाही.