‘कोड स्वयंपूर्ण करणे’ की ‘कोडपूर्ती’?

प्रश्न असा आला आहे. विम या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये लायब्रऱ्यांतील (म्हणजे इतरांनी तयार करून ठेवलेल्या कोडच्या संचांतील) नावे टाइप करताना ती आपोआप पुरी व्हावीत यासाठी काय काय करावे लागते, याची मराठी मार्गदर्शिका एक प्रोग्रामर लिहीत आहेत. तिचे शीर्षक त्यांनी ‘लायब्रऱ्यांसाठी कोड स्वयंपूर्ण कसा करावा’ असे योजले आहे. ऑटोकम्प्लीशनसाठी ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द चालेल का आणि चालत नसेल तर कोणता घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते तो चालू नये. ‘स्वयंपूर्ण’ या शब्दाचा अर्थ मराठीत फार पूर्वीपासून ठरलेला आहे: स्वतःच्या गरजा स्वतः भागवणारा, दुसऱ्यावर अवलंबून नसलेला. आपण ‘स्वयंपूर्ण खेडे’ म्हणतो, ‘अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण देश’ म्हणतो; गोव्यात २०२० साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमाचे नावही ‘स्वयंपूर्ण गोंय’ असेच आहे आणि तेथेही अर्थ हाच आहे. प्रोग्रामिंगच्या संदर्भात तर अडचण आणखी वाढते, कारण ‘स्वयंपूर्ण कोड’ म्हटले की ज्याला बाहेरची एकही लायब्ररी लागत नाही असा कोड, हाच अर्थ जाणत्या वाचकाच्या मनात प्रथम येईल. मग ‘लायब्रऱ्यांसाठी कोड स्वयंपूर्ण करणे’ या शब्दरचनेतला पहिला शब्द लायब्रऱ्या घ्या म्हणतो आणि तिसरा शब्द त्या सोडा म्हणतो.

दोष समासाच्या घडणीतच आहे. ‘पूर्ण’ हे विशेषण एखाद्या वस्तूची स्थिती सांगते, कृती सांगत नाही. आणि ‘स्वयं’ हे पद त्या वस्तूकडेच बोट दाखवते. स्वयंचलित यंत्र स्वतः चालते, स्वयंसिद्ध विधान स्वतःच सिद्ध असते, त्याच रीतीने स्वयंपूर्ण वस्तू स्वतःच्या बळावर पूर्ण असते. अर्धवट टाइप केलेली ओळ मात्र स्वतःच्या बळावर पूर्ण होत नाही. ती एडिटर पुरी करतो, आणि तोही दुसऱ्या कोणीतरी पुरवलेल्या माहितीवर.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण मार्गदर्शिकेचा विषयच ती माहिती पुरवण्याचा आहे. विममध्ये कंट्रोल-एन दाबले की प्रामुख्याने उघड्या फाइलींत आधी आलेले शब्द यादीत दिसतात. तेथे एडिटरला लायब्ररीची ओळख असण्याची गरज नसते. २००६ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-ओ असा दुसरा मार्ग उपलब्ध झाला, आणि तो संदर्भ पाहून नावे सुचवतो. सी भाषेसाठी हा मार्ग टॅग्ज नावाच्या फाइलीवर, म्हणजे कोणते नाव कोठे आहे याच्या सूचीवर, चालतो. समजा, आपण झेडलिब ही डेटा आकुंचित करणारी लायब्ररी वापरत आहोत. तिच्या हेडर फाइलींवर (लायब्ररीतील नावे जाहीर करणाऱ्या फाइलींवर) सीटॅग्ज हा प्रोग्राम चालवून टॅग्ज फाइल तयार केली आणि ती कोठे ठेवली आहे हे विमच्या सेटिंगमध्ये नोंदवले, तर झेड-स्ट्रीम प्रकारच्या व्हेरिएबलपुढे टिंब देऊन त्या कळा दाबल्यावर ‘नेक्स्ट-इन’, ‘अव्हेल-इन’, ‘नेक्स्ट-आउट’, ‘अव्हेल-आउट’ ही त्याच्या घटकांची नावे समोर येतात. टॅग्ज फाइल नसेल तर तेच टिंब आणि त्याच कळा असूनही काही सापडत नाही.

पुढच्या काळात साधने बदलली, अवलंबित्व बदलले नाही. २०१६ साली लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि भाषेची जाण असलेला प्रोग्राम यांच्यातील संवादाचे नियम) जाहीर झाल्यापासून नावे शोधण्याचे काम एडिटरबाहेरचा वेगळा प्रोग्राम करू लागला. पण सी आणि सी-प्लस-प्लससाठी वापरल्या जाणाऱ्या क्लँगडी या सर्व्हरला हेडर फाइली कोठे आहेत हे कळावे लागते आणि पायथनच्या सर्व्हरला लायब्ररी ज्या पायथनमध्ये इन्स्टॉल केली आहे तोच पायथन दाखवून द्यावा लागतो. पँडाज ही डेटा हाताळणारी लायब्ररी एका व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (वेगळ्या राखलेल्या पायथनमध्ये) आणि एडिटरने निवडलेला पायथन दुसरा, अशी स्थिती असली की डेटाफ्रेमपुढे (तिच्यातील डेटाच्या तक्त्यापुढे) टिंब देऊन ‘ग्रुपबाय’ची वाट पाहणारा नवशिका गोंधळतो. ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द त्याच्या या गोंधळात भरच घालील, कारण त्यातून सारे आपसूक घडायला हवे अशी समजूत होते.

आता पर्यायाविषयी. कृती सांगणारे नाम हवे असेल तर मराठीत ‘पूर्ती’ आहे आणि ते चांगले रुळलेले आहे: इच्छापूर्ती, वचनपूर्ती, पादपूर्ती. त्यांतही समस्यापूर्तीची आठवण येथे उपयोगी पडते. श्लोकाचा एक चरण दिला जातो आणि कवी उरलेले चरण रचून श्लोक पुरा करतो. म्हणजे काही भाग हाती आहे, उरलेला कोणीतरी भरतो, आणि त्या भरण्याला ‘पूर्ती’ म्हणतात. कवी नवे रचतो आणि एडिटर आधीच ठरलेल्या नावांतून निवड पुढे करतो, हा फरक आहेच, पण शब्दाच्या योग्यतेला त्याने बाध येत नाही. म्हणून ‘कोडपूर्ती’ किंवा अधिक व्यापक अर्थाने ‘शब्दपूर्ती’ असे म्हणावे. इंग्रजी आणि संस्कृत पदांचा असा समास खटकण्याचे कारण नाही. ‘बसस्थानक’ आणि ‘रेल्वेमार्ग’ आपण रोज वापरतो. विममधील पहिल्या मार्गाला ‘शब्दपूर्ती’ आणि दुसऱ्याला ‘संदर्भानुसार पूर्ती’ म्हटले तर दोहोंतला भेदही वाचकाला नावावरूनच कळेल. ‘भरणे’ हे क्रियापद मात्र ब्राउझर अर्जात नाव-पत्ता आपोआप भरतो त्या सोयीसाठी राखून ठेवावे, कारण तेथे अर्धवट शब्द नसतो, रिकामी चौकट असते.

असे असले तरी मार्गदर्शिकेच्या मजकुरात नामापेक्षा क्रियापदांवर भर द्यावा, असे मी सुचवीन. ‘कोडपूर्ती कार्यान्वित झाल्यावर पर्याय प्रदर्शित केले जातात’ हे वाक्य शुद्ध आहे, परंतु असे मराठी कोणी बोलत नाही. ‘टिंब दिल्यावर एडिटर नावे सुचवतो; हवे ते नाव निवडले की उरलेली अक्षरे तो स्वतः लिहितो’ हे वाक्य वाचणाऱ्याला लगेच करून पाहता येते. ‘सुचवतो’ या क्रियापदात निवड शेवटी लिहिणाऱ्याच्या हाती आहे हेही आपोआप येते.

‘एडिटर’ आणि ‘लायब्ररी’ हे शब्द त्यांनी तसेच ठेवले आहेत, ते योग्य केले. ‘संपादक नावे सुचवतो’ असे लिहिले तर वृत्तपत्राच्या कचेरीतील माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि ‘ग्रंथालय’ म्हटले की पुस्तकांची कपाटे.

शीर्षक ‘विममध्ये लायब्रऱ्यांसाठी कोडपूर्ती कशी सुरू करावी’ असे करता येईल. लेखनाच्या दृष्टीने एवढे लक्षात ठेवावे की सुटा शब्द ‘पूर्ती’ असा दीर्घान्त लिहायचा, समासाच्या शेवटी आल्यावरही ‘कोडपूर्ती’ असा दीर्घच. पण तो समासाचे पूर्वपद झाला की मूळ संस्कृतातला ऱ्हस्व टिकतो, म्हणून नावांच्या त्या यादीला संज्ञा करायची झाल्यास ‘पूर्तियादी’ असे लिहावे.