आपली युद्धनौका मस्कतला ‘मैत्रीभेटी’वर येते तेव्हा चार दिवस नेमकं काय चालतं? नुसते फोटोच ना? आणि इथे राहणाऱ्यांना ती बघायला मिळते का?

फोटो निघतात, भरपूर निघतात. पण तुम्ही ‘नेमकं’ विचारलंय, म्हणून ओमानपुरतंच सांगतो. आखाताच्या त्या पट्ट्यात आपल्या नौदलाचं सगळ्यात सवयीचं नातं ओमानशी आहे. ‘नसीम अल बहर’ हा दोन्ही नौदलांचा सराव १९९३ पासून चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मधला गोव्यासमोरच्या समुद्रात झाला. आपल्याकडून आयएनएस त्रिकंड होती, त्यांच्याकडून ‘अल सीब’.

आधी एक गैरसमज दूर करतो. ओमान आपला मित्र आहे, पण एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने लढायचं असा करार नाही. बहारीनमध्ये अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय आहे, तसा आपला ओमानमध्ये तळही नाही. व्हॉट्सॲपवर ओमानच्या ज्या दुक्म बंदराचा ‘भारतीय तळ’ म्हणून उल्लेख फिरतो, तिथे २०१८ पासून आपल्या जहाजांना इंधन, रसद, दुरुस्ती अशा सोयी वापरता येतात, एवढंच. मात्र दुक्म हॉर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर, म्हणजे आखाताच्या अरुंद तोंडाबाहेर, थेट अरबी समुद्रावर आहे, म्हणून त्या ‘एवढंच’ला वजन आहे.

आता भेटीकडे. काम जहाज निघायच्या कित्येक आठवडे आधी वकिलातीत सुरू होतं. युद्धनौकेला परक्या बंदरातही सार्वभौम संरक्षण असतं. मालवाहू जहाजावर कस्टमवाले चढतात तसे तिच्यावर कॅप्टनच्या परवानगीशिवाय कुणी चढू शकत नाही. म्हणून यजमान होकार देण्याआधीच सगळं विचारून घेतात: लांबी, वजन, माणसं किती, हेलिकॉप्टर आहे का, कोणत्या रेडिओ फ्रिक्वेन्सी वापरणार. हेलिकॉप्टर बंदरात उडवायचं तर त्याची परवानगी वेगळी. त्रिकंडच्या जातीची फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) साधारण १२५ मीटर लांब, चारेक हजार टनांची. तिच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, सोनारचा (आवाजाने पाण्याखालचं हेरणाऱ्या यंत्राचा) घुमट असतो आणि तो जहाजाच्या तळापेक्षाही खाली जातो. ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते, कळवताना तो धरला नाही, तर नेमून दिलेला धक्का ऐनवेळी बदलावा लागतो. मग जहाज ओढणारी टग बोट, बंदरात वाट दाखवणारा पायलट, पाण्याची जोडणी, कचऱ्याची गाडी, सगळं नव्याने. धक्क्यावरच्या विजेचं व्होल्टेज किंवा फ्रिक्वेन्सी जुळली नाही, तर जहाजाचे जनरेटर मुक्कामभर घरघरत राहतात आणि खलाशांना बंदरातही विश्रांती मिळत नाही.

बंदरात शिरताना यजमान देशाला २१ तोफांची सलामी देतात. तिची मेख अशी की किनाऱ्यावरून तेवढ्याच तोफांनी उत्तर यायला हवं. समोर सलामीच्या तोफा आहेत आणि उत्तर मिळणार आहे हे आधी पक्कं करतात. नसेल तर सलामीच देत नाहीत. अनुत्तरित सलामी म्हणजे दोन्ही बाजूंची नाचक्की. तोफा चालू असताना मुख्य डोलकाठीवर यजमानांचा ध्वज चढलेला असतो. ओमानच्या ध्वजात काठीकडे लाल उभा पट्टा आणि त्यावर राजचिन्ह, पुढे वरून पांढरा, लाल, हिरवा. घाईत उलटा लागला तर हिरवा वर जातो, आणि दुर्बिणीतून बघणाऱ्याला ते पहिल्यांदा दिसतं.

मग औपचारिक भेटी. कॅप्टन स्थानिक नौदलाच्या, बंदराच्या अधिकाऱ्यांना आणि आपल्या राजदूतांना भेटायला जातो. यजमान अधिकारी परतभेटीला जहाजावर येतो. तो गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलावर, पाऊल ठेवतो तेव्हा मानवंदना म्हणून बोसनची (डेकवरच्या मुख्य खलाशाची) शिट्टी वाजते. ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आपण गेलो, त्याच दर्जाचा परत आला की हाताखालचा पाठवला, हे दोन्हीकडे मोजलं जातं. भेट कशी झाली हे कळायला माझ्या मते याहून चांगली खूण नाही.

चुका बहुतेक तारखांच्या आणि शब्दांच्या होतात. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. यूएईने २०२२ पासून शनिवार-रविवार केली. एकाच दौऱ्यात दोन्ही देश असले की हमखास गडबड होते. ओमानचा राष्ट्रीय दिन १८ नोव्हेंबरला असायचा, २०२५ पासून २० नोव्हेंबरला आहे. जुना मसुदा कॉपी केला की भाषणात जुनी तारीख येते. रमजानमध्ये दुपारचं जेवण ठेवायचं नाही, कार्यक्रम इफ्तारनंतर. आमंत्रणपत्रिकेवर ‘पर्शियन’ की ‘अरबी’ आखात, हा वाद ओढवून घेऊ नये, नुसतं ‘आखात’ लिहावं. सौदीच्या भेटीत तर केकवर त्यांचा ध्वज काढायचा विचारही करू नये. त्यावर कलमा आहे, तो सुरीने कापणार कसा?

डेकवरचं रिसेप्शन हा जनसंपर्काचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा. निमंत्रितांची यादी आपल्याच मंडळांमध्ये संपते: मल्याळी, तेलुगू, गुजराती, मराठी, आणि कुणाला चार पास कमी मिळाले यावरून रुसवेफुगवे. ओमानी शिक्षक, बंदरातला टगचालक, तटरक्षक दलातला कनिष्ठ अधिकारी क्वचितच दिसतो. वास्तविक नातं जुनं आहे. ओमानचा सुलतान सईद बिन सुलतान याने १८३६ मध्ये इंग्लंडच्या राजाला जी युद्धनौका भेट दिली, ती मुंबईच्या गोदीत बांधलेली होती. अलीकडे आपल्या नौदलाची शिडाची नौका ‘कौंडिण्य’ गेली: अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बेतलेली, गोव्यात काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेली. डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून ती शिडांवर मस्कतला पोचली. असं जहाज बघायला ओमानी माणूस स्वतःहून धक्क्यावर येतो, कारण फळ्या शिवून जहाज बांधणं ही त्याच्याही आजोबांची कला.

लष्करी उपयोग बघायचा तर समुद्रात चला. गोव्यासमोरच्या सरावात तोफांचा नेमबाजीचा सराव होता, तसा रसद घेण्यासाठी जवळ येण्याचाही. दोन जहाजं तीस-चाळीस मीटरवर समांतर, एकाच वेगाने चालवायची. मधून पाणी जोरात वाहतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. दोघांमध्ये ठरावीक अंतरावर रंगीत खुणा लावलेली दोरी ताणतात; सुकाणूचा हुकूम देणारा त्या खुणांवर नजर ठेवून एकेका अंशाने दिशा सुधारतो. पहिल्या खेपेला इंधनाची नळी जोडतच नाहीत, नुसतं जवळ यायचं, टिकायचं, दूर व्हायचं. नळीचे जोड जुळतात का, ‘वेग कमी’ म्हणजे किती कमी, हे प्रश्न इथे सुटतात. वादळात ते सोडवायला वेळ नसतो.

आखातातल्या अशा ओळखी कधी कामाला येतात? एप्रिल २०२१ च्या अखेरीस आपल्याकडे ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू होती, तेव्हा नौदलाची जहाजं बहारीन, कुवेतच्या बंदरांत जाऊन द्रवरूप ऑक्सिजन घेऊन आली. आयएनएस तलवार ५ मे रोजी मंगळुरूला लागली, २७ टनांचे दोन कंटेनर घेऊन. युद्धनौकेवर असा अतिथंड, धोकादायक माल चढवायला धक्का, क्रेन आणि परवानगी हे सगळं एकदम लागतं. एरवी फाइल फिरायला आठवडे जातात.

तुमचा शेवटचा प्रश्न. दर भेटीत जहाज लोकांना खुलं असतंच असं नाही. वकिलातीची घोषणा आणि तुमच्या मंडळाचा किंवा शाळेचा निरोप बघत राहा. नाव आणि रेसिडेंट कार्डाचा नंबर आधी द्यावा लागतो, कारण बंदराच्या फाटकावरचा पास ओमानी अधिकारी देतात, आपलं नौदल नाही. यादीत नाव नसेल तर फाटकावर कुणाची ओळख चालत नाही. जहाज बहुधा मस्कतमधल्या मत्राहच्या सुलतान काबूस बंदरात असतं. मूळ कार्ड सोबत ठेवा, नुसता फोटो नको. पाय झाकणारे सपाट बूट घाला. शिड्या जवळजवळ उभ्या असतात, तिथे साडी आणि टाचेच्या चपला दोन्ही त्रासाच्या. फोन बाहेर ठेवायला सांगू शकतात. उन्हाळा असेल तर सकाळची पहिली वेळ मागा, दुपारी लोखंडी डेक बुटातूनही चटके देतो.