रिकाम्या चौकटी आणि एकाची चूक

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. अंकगणिती श्रेढीच्या प्रकरणात ‘९, □, □, □, ३१’ या श्रेढीतील चौकटी भरताना तिने ३१ व ९ यांच्यातील २२ या फरकाला तीन चौकटी म्हणून ३ ने भागले. पदे पाच आहेत म्हणून मी ५ ने भागून पाहिले, तर पाचवे पद २६.६ आले. चूक कोठे होते?
– एक पालक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपण दोघांनीही पदे मोजलीत, मोजायची होती ती पदांमधील अंतरे. वर्धा मार्गावरून जाताना मेट्रोचे ओळीतले पाच खांब मोजून पाहा, त्यांच्यामधले गाळे चारच भरतील. त्यामुळे २२ ला ४ ने भागावे लागते, सामान्य फरक, म्हणजे लगतच्या दोन पदांमधला सर्वत्र सारखाच राहणारा फरक, ५.५ येतो आणि चौकटींत १४.५, २० व २५.५ बसतात. फरक अपूर्णांकात आला की मुले बिचकून उत्तर खोडतात, परंतु त्यात वावगे काही नाही. ताळा पाहायचा असल्यास मधले पद २० हे ९ व ३१ यांच्या बेरजेच्या निम्मे आहे.

हा एक वजा करण्याचा मुद्दा जुनाच आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त अंत्यपद काढण्याचा नियम सुरू होतो तोच ‘व्येकपद’ या शब्दाने, आणि व्येक म्हणजे एकाने उणे. पदसंख्येतून एक वजा करून आलेल्या संख्येने ‘चया’ला, म्हणजे सामान्य फरकाला, गुणायचे आणि त्यात पहिले पद मिळवायचे, एवढाच तो नियम असून आजच्या पाठ्यपुस्तकातील सूत्र याहून वेगळे काही सांगत नाही.

पहिले पद दिलेले नसले तरी युक्ती हीच. चौथे पद १९ व अकरावे ५४ असेल, तर त्यांच्यामध्ये सात अंतरे पडतात. ३५ भागिले ७ म्हणजे फरक ५, आणि चौथ्या पदापासून तीन पावले मागे आल्यावर पहिले पद ४ मिळते. याच श्रेढीत १९९ कितवे पद आहे, असे विचारले, तर १९५ ला ५ ने भागून ३९ अंतरे येतात, म्हणून ते चाळिसावे पद होय. २०० साठी मात्र ३९.२ अंतरे येतात. पद किंवा फरक अपूर्णांक असू शकतो, पण पदाचा क्रमांक कधीच नाही. म्हणून २०० या श्रेढीत नाही, हेच तेथे पूर्ण उत्तर ठरते आणि ते बेधडक लिहावे.

पदांतच अज्ञात असेल, उदाहरणार्थ क्ष + २, ३क्ष, ४क्ष + १, तर मधल्या पदाची दुप्पट ही कडेच्या दोन पदांच्या बेरजेइतकी मांडावी : ६क्ष = ५क्ष + ३, म्हणजे क्ष = ३ आणि पदे ५, ९, १३.