ब्लॉगवाला कोणाच्या पैशावर लिहितोय?

प्रश्न: एक राजकीय ब्लॉग मी बरीच वर्षं वाचतोय, लिहिणारा अभ्यासू आहे, पण निवडणूक आली की एकाच पक्षाचं कौतुक सुरू होतं. मित्र म्हणतात तो विकला गेलाय. कसं ओळखायचं? - एक वाचक, सातारा

उत्तर: बाजू घेतली म्हणून माणूस विकला गेला असं होत नाही हो. बाजू असू द्या, पैसे घेऊन लपवले का ते बघायचं.

अमेरिकेत २००३ साली ‘डेली कोस’ हा राजकीय ब्लॉग चालवणारे मार्कोस मुलित्सास राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतले हॉवर्ड डीन यांच्या प्रचाराचे सल्लागार होते, मानधन घेत होते, पण तसं ब्लॉगवरच लिहून ठेवलेलं, त्यामुळे वाचणारा ते धरूनच वाचायचा. उलट २००४ मध्ये साउथ डकोटात जॉन थ्यून विरुद्ध टॉम डॅशल अशी सिनेटची लढत झाली, तिथे दोन ब्लॉगर रोज डॅशल आणि तिथल्या मोठ्या पेपरवर तुटून पडायचे, पेपर पक्षपाती आहे म्हणून, आणि नंतर कळलं की थ्यूनच्या प्रचारातून एकाला २७ हजार डॉलर आणि दुसऱ्याला ८ हजार मिळालेत! थ्यून जेमतेम साडेचार हजार मतांनी जिंकले. ब्लॉगमुळेच जिंकले असं मी म्हणणार नाही, पण दुसऱ्याला पक्षपाती म्हणणाऱ्यांनी स्वतःचं मानधन मात्र वाचकांना सांगितलं नव्हतं. ते दिसलं कुठे, तर उमेदवाराच्या खर्चाच्या हिशोबात.

आपल्याकडेही निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये सांगितलंय की सोशल मीडियावरचा प्रचार, मजकूर लिहून घ्यायचा खर्च धरून, उमेदवाराने हिशोबात दाखवायचा. पण एखाद्या ‘हितचिंतका’ने परस्पर पाकीट दिलं तर ते कुठल्या कागदावर येणार, सांगा. आणि छापील पेपर तेवढे सोवळे असंही नाही, २००९ च्या विधानसभेला एकाच नेत्याच्या कौतुकाचा तोच मजकूर, अगदी शब्दन्‌शब्द, एकमेकांच्या स्पर्धक पेपरांत छापून आला होता, त्यावरूनच पेड न्यूजची एवढी बोंब झाली.

तुमच्या ब्लॉगवाल्याचं म्हणाल तर त्याचे निवडणूक नसतानाचे जुने लेख काढा. आपल्या पक्षाचं चुकलं तेव्हा काही लिहिलंय का, आरोप करताना कागदपत्रं देतो का ते बघा. आणि खाली कमेंटमध्ये सरळ विचारा, पक्षाकडून मानधन घेता का म्हणून. हो म्हणाला तरी वाचत राहा, ब्लॉक केलं तर मित्रांचं ऐका.