‘घरीच तर असते, मग एवढी थकते कशी?’

प्रवास नाही, मूल डोळ्यांसमोर आहे, पगारही चालू आहे. तरी सारखी चिडचिड का होते? समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, घरून नोकरी करणाऱ्या आया मला हे वरचेवर विचारतात, आणि विचारताना बहुतेक जणी स्वतःलाच दोष देत असतात. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका आईबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या पुण्यातल्या कंपनीसाठी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात. मुलगा पहिलीत, सोबत सासूबाई, नवरा अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. मीटिंग चालू असताना मुलानं वही दाखवायला हात ओढला आणि त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. “माझ्याएवढी वाईट आई कोणी नसेल, मॅडम,” म्हणाल्या आणि बराच वेळ रडत राहिल्या.

झोप, भूक विचारली. जीव नकोसा होतो का, हेही स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं. (कुणाला तसं वाटत असेल तर थांबू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं.) मग हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासून यायला सांगितलं. याबाबत मी आग्रही असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि अंगात रक्त कमी असल्यानं येणारा थकवा नुसत्या बोलण्यानं जात नाही. यांचंही हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

दुसरं सांगितलं ते असं : कामाला बसल्यावर कशाकशासाठी उठावं लागतं, ते एक दिवस लिहून ठेवा. त्यांनी आणलेला कागद असा होता : ‘घंटागाडी आली, कचरा खाली नेला. आईंची बीपीची गोळी. सिलिंडरवाला. कुकर. कुरिअर, तेही शेजारच्यांचं. नणंदेचा फोन. मुलाची रिक्षा आली. दप्तर, कपडे, जेवण.’ हे सगळं दहा ते एकच्या मधलं. यातलं एकही काम मोठं नाही. पण दरवेळी उठून आल्यावर कुठे होतो ते आठवायचं, राहिलेलं काम मूल झोपल्यावर उरकायचं, झोपायला एक वाजायचा, आणि सकाळी त्याच मुलावर आवाज चढायचा.

अशा बाईला पहाटे पाचला उठून योगा करा म्हणणं मला पटत नाही. मुळात पाच तास झोपणारीची आणखी झोप कशाला कापायची? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या महिलांचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. एवढी तफावत प्राणायामानं कशी भरून निघणार? म्हणून मी घरच्यांना बोलावून घेतलं.

नवऱ्यानं तो कागद दोनदा वाचला. “ती घरी आहे म्हटल्यावर दार तीच उघडणार, यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही,” म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “ती कानाला ते लावून बसते. मीटिंग आहे की साधं काम, मला कसं कळावं? कोणी सांगितलंय का?” त्यांचं अगदी खरं होतं. त्यांचे गुडघे दुखतात, कचरा घेऊन तीन मजले उतरणं त्यांना जमत नाही. पण दार, फोन आणि स्वतःची गोळी हे त्यांनी आपणहून घेतलं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात नवरा सकाळी घरी असतो. तेव्हा घंटागाडी आणि मुलाचं जेवण त्याच्याकडे. साडेबाराची रोजची मीटिंग अर्ध्या तासानं पुढे ढकलायला या आईनं मॅनेजरला विचारलं, तर तो लगेच हो म्हणाला.

मुलाशी मात्र त्यांनी स्वतःच बोलायचं होतं. “मी मारलं ते चुकलं, तुझी काही चूक नव्हती,” एवढंच. खाऊ नाही, लांबलचक समजावणं नाही. आणि ‘थांब जरा’ म्हणणं बंद करायचं. सहा वर्षांच्या मुलाला ‘जरा’ म्हणजे किती ते कळत नाही, म्हणून ते परतपरत येतं. घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की आई तुझी, असं सांगायचं आणि त्या वेळी खरंच उठायचं. मग वीस मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत, खेळ तो म्हणेल तो. पहिले काही दिवस तो घड्याळाखालीच बसून राहायचा. नंतर वही दाखवायला काटा सहावर येईपर्यंत थांबायला लागला.

फर्स्ट शिफ्टचा आठवडा अजून जड जातो. नवरा पहाटेच बाहेर पडतो आणि सकाळचं सगळं पुन्हा त्यांच्यावर येतं. पोळ्यांना बाई लावा, असं मी सुचवलं तेव्हा सासूबाईंना ते रुचलं नव्हतं. गेल्या महिन्यात त्यांनीच शेजारच्या सोसायटीत येणाऱ्या मावशींशी बोलून सकाळची वेळ ठरवून दिली. रात्री लॅपटॉप उघडणं पूर्ण थांबलेलं नाही. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं आहे.