बागेतून तोडून आणलेल्या बेरी फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांत का बुरसतात? त्या तोडाव्यात आणि साठवाव्यात कशा?

स्ट्रॉबेरी, रासबेरी आणि ब्लूबेरी घरी आणल्याबरोबर धुऊन, पुसून हवाबंद डब्यात ठेवल्या तरी त्यांच्यावर करडी लव येते, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते यात फ्रिजचा दोष कमी असून आधीच धुण्याचा आणि हवाबंद डब्याचा अधिक आहे. काही भाग तोडणीचाही असावा.

ही करडी लव बहुतेक वेळा बोट्रायटिस नावाच्या बुरशीची असते. तिचा संसर्ग पुष्कळदा फुलातच झालेला असतो आणि फळ पिकेपर्यंत ती दबून राहते. शून्य अंश सेल्सिअसलाही तिची वाढ मंदावते, पूर्णपणे थांबत नाही. त्यामुळे तिला समूळ घालवण्याच्या खटपटीपेक्षा फळावर पाणी राहू न देणे आणि फळाला इजा होऊ न देणे हेच अधिक उपयोगाचे ठरते.

तोडणी सकाळी, दव वाळल्यानंतर परंतु ऊन तापण्यापूर्वी करावी, कारण ओले फळ लवकर बुरसते आणि तापलेले फळ लवकर मऊ पडते. स्ट्रॉबेरी, रासबेरी आणि ब्लॅकबेरी तोडल्यानंतर गोड होत नाहीत. अर्धवट लाल स्ट्रॉबेरी घरी ठेवून रंगाने गडद होईल, पण तिची गोडी वाढणार नाही. स्ट्रॉबेरी ओढून न काढता देठ नखाने खुडावा आणि हिरवी टोपी खाण्याच्या वेळेपर्यंत तशीच राहू द्यावी. पिकलेली रासबेरी आपला पांढरा गाभा झाडावरच सोडून सहज हाती येते; जोर लावावा लागला, तर ती अजून तयार नाही असे समजावे. ब्लॅकबेरीचा गाभा मात्र फळाबरोबरच येतो, आणि तिची काळी चकाकी नवख्या माणसाला हमखास फसवते, कारण ती चकाकी किंचित उतरल्यावरच फळाला खरी गोडी येते. ब्लूबेरीच्या देठाकडील टोकाला लालसर छटा असेपर्यंत तिला हात लावू नये. तिच्यावरचा पांढुरका थर मेणाचा असतो आणि तो फळाला सुकण्यापासून वाचवतो, म्हणून तो पुसून काढू नये. तोडलेली फळे उथळ भांड्यात ठेवावीत. खोल बादलीत तळाची रासबेरी वरच्यांच्या भारानेच चिरडते.

घरी आल्यावर प्रथम चिरडलेली आणि डागाळलेली फळे वेगळी काढावीत, कारण बुरशी एका फळावरून शेजारच्या फळावर पसरते. उरलेली फळे न धुता, रुंद डब्यात कागदी रुमाल अंथरून पातळ थरात पसरावीत, झाकण किंचित उघडे ठेवावे आणि डबा फ्रिजच्या सर्वांत थंड भागात, परंतु फळे गोठणार नाहीत अशा जागी ठेवावा. बेरींसाठी शून्य अंशाच्या आसपासचे तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता उत्तम मानली जाते. इतक्या दमट हवेत फळे बुरसणार नाहीत का, अशी शंका तुम्हाला येईल; परंतु दमट हवेमुळे फळ सुकत नाही, बुरशीला खरी मदत होते ती फळावर साचलेल्या पाण्याची. डबा वारंवार बाहेर काढून पुन्हा आत ठेवल्यानेही थंड फळांवर असे पाणी जमते. अशा व्यवस्थेत ब्लूबेरी एक ते दोन आठवडे आणि स्ट्रॉबेरी काही दिवस टिकते. रासबेरीकडून दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक अपेक्षा मी ठेवत नाही.

एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यांच्या मिश्रणात फळे बुडवण्याचा उपाय अनेकजण सुचवतात. त्याने पृष्ठभागावरचे बुरशीचे बीजाणू कमी होतात, हे खरे. मात्र नंतर फळे साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी लागतात. स्ट्रॉबेरीच्या बाबतीत हे जमते, पण पोकळ रासबेरीत पाणी अडकून राहते, म्हणून तिच्यावर हा प्रयोग मी करणार नाही.

फळे आठवड्याभरात संपणार नसतील, तर ती ताजी असतानाच गोठवावीत. ताटात एकमेकांना न चिकटतील अशी पसरून ती कडक होऊ द्यावीत, मग पिशवीत भरून आतली हवा काढून टाकावी. उणे १८ अंशांवर ती अनेक महिने चांगली राहतात. बर्फाच्या स्फटिकांनी गराच्या पेशी फाटत असल्यामुळे वितळल्यावर ती मऊ पडतात, तेव्हा अशी फळे शिजवण्यासाठी किंवा मिक्सरमधून काढण्यासाठी वापरावीत. ब्लूबेरी मात्र न धुताच गोठवावी, कारण धुऊन गोठवल्यास तिची साल चिवट होते.